गावचा शहीद, दप्तरातला जवान

विशेष प्रतिनिधी
नांदेड/लातूर

गावाच्या वेशीवर फ्लेक्स लागतो. शाळेच्या मैदानात किंवा गावठाणाच्या मोकळ्या जागेत घाईघाईने चौथरा बांधला जातो. बाजारपेठ कोणी न सांगता बंद होते आणि पंचक्रोशीतून माणसांची रीघ लागते. फुलांनी सजवलेल्या लष्करी वाहनातून तिरंग्यात लपेटलेले पार्थिव येते. बंदुकीच्या फैरी झडतात, बिगुलाची धून वाजते आणि घडी केलेला तिरंगा वीरपत्नीच्या वा वीरमातेच्या हाती दिला जातो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागाने हे दृश्य गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा अनुभवले आहे.

दुसऱ्या दिवसापासून सुरू होणारी प्रक्रिया मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडते. गावाने ज्याला 'शहीद' म्हणून निरोप दिला, त्याच्या मृत्यूची नोंद सरकारी दप्तरात कोणत्या शब्दाने होणार, त्याचे नाव दिल्लीतल्या कोणत्या भिंतीवर कोरले जाणार आणि घरच्यांना किती निवृत्तिवेतन मिळणार, हे सारे त्या नोंदीवर ठरते. ही नोंद आणि गावाची भावना नेहमीच जुळतात असे नाही.

पेटी घरी येऊ लागली तेव्हा

आज अंत्ययात्रेशिवाय जवानाच्या मृत्यूची कल्पनाच करता येत नाही. परंतु ही प्रथा फार जुनी नाही. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत कामी आलेल्या बहुतेक जवानांवर आघाडीच्या जवळच अंत्यसंस्कार झाले. घरी आली ती तार आणि काही आठवड्यांनी जवानाचे सामान. गणवेश, पत्रे, एखादे घड्याळ, क्वचित अस्थी, एवढ्यावरच घरच्यांना समाधान मानावे लागले. अखेरचे दर्शन न घडल्याने कित्येक घरांत वर्षानुवर्षे आशा तगून राहिली.

ही वेदना मराठी मुलखाला अनोळखी नाही. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे फेब्रुवारी १७६० मध्ये निजामाचा पराभव करणारे सदाशिवरावभाऊ त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू अखेरपर्यंत मानला नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, त्याला माणसेही मिळाली आणि पेशव्यांच्या कारभाऱ्यांना त्याचा बंदोबस्त करावा लागला. मृतदेह घरी न आल्याने काय होते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

१९९९ च्या कारगिल युद्धात ही स्थिती बदलली. त्या युद्धात ५२७ भारतीय जवान धारातीर्थी पडले आणि प्रथमच मोठ्या प्रमाणावर पार्थिव देह त्यांच्या मूळ गावी पोहोचवण्यात आले. दूरचित्रवाणीने ती दृश्ये घरोघरी नेली. तेव्हापासून जवानाचा मृत्यू हा एका कुटुंबाचा शोक उरला नाही, तो गावाचा आणि तालुक्याचा सोहळा झाला. घरच्यांना अखेरचे दर्शन मिळू लागले, ही गोष्ट फार मोलाची आहे. परंतु गर्दीत, भाषणांत आणि कॅमेऱ्यांच्या गराड्यात घरच्यांना मनमोकळे रडण्यासही उसंत मिळत नाही, हेही तितकेच खरे.

मराठवाड्याची वेगळी वाट

सातारा जिल्ह्यातील 'मिलिटरी अपशिंगे' या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि तेथे त्यांचे स्मारक आहे. अशा गावांत आजोबा, वडील आणि नातू एकाच पलटणीत गेल्याचे सांगितले जाते. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे काय, निवृत्तिवेतनाचा अर्ज कोठे द्यायचा, हे तेथे शेजारीपाजारीही सांगू शकतात. मराठवाड्याची गोष्ट निराळी आहे. नांदेड आणि लातूरचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारतीय सैन्याने येथे पाऊल टाकले तेच मुळी त्या आठवड्यातील पोलीस कारवाईत.

याचा अर्थ येथे सैनिकी परंपराच नव्हती असा नव्हे. शेजारचे हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि आजच्या कुमाऊँ रेजिमेंटची मुळे त्याच कंटिंजंटमध्ये आहेत. दिल्लीतील तीन मूर्ती स्मारकातील तीन पुतळे पहिल्या महायुद्धात पश्चिम आशियात लढलेल्या हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळांचे आहेत. त्यांतील एक घोडेस्वार आपल्याच जुन्या संस्थानाचा, हे नांदेड-लातूरच्या किती वाचकांना ठाऊक असेल?

त्याहून जुनी खूण गावोगावच्या वीरगळांची. गावासाठी किंवा गुरे सोडवण्यासाठी लढताना पडलेल्या वीराचा हा दगड. खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि शिखराशी चंद्र-सूर्य, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. चंद्र-सूर्य असेपर्यंत स्मृती राहील, असा त्याचा संकेत. पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही. आज त्यांना शेंदूर फासला जातो, नैवेद्य दाखवला जातो, मात्र तो वीर कोण होता हे कोणी सांगू शकत नाही.

मुक्तिसंग्रामाने या भागाला 'हुतात्मा' हा शब्द दिला. बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे १९४६ मध्ये बळी गेलेले गोविंदराव पानसरे यांचा उल्लेख नांदेडकर आजही 'हुतात्मा पानसरे' असाच करतात. लष्करी सेवेतील जवानासाठी मात्र 'शहीद' हा शब्द रूढ झाला. हा मूळ अरबी शब्द, 'साक्ष देणारा' या अर्थाच्या धातूपासून आलेला. गंमत अशी, की ज्या शब्दाने सारा महाराष्ट्र आपल्या जवानांना ओळखतो, तो सरकारच्या दप्तरात नाही.

'शहीद' कोठेच लिहिलेला नसतो

संरक्षण मंत्रालयाने २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे स्पष्ट केले, की 'शहीद' अशी कोणतीही अधिकृत संज्ञा लष्करात वापरली जात नाही. युद्धात किंवा मोहिमेत मृत्यू आल्यास 'बॅटल कॅज्युअल्टी' अशी नोंद होते. आजार, अपघात वा अन्य कारणाने सेवेत मृत्यू आल्यास ती 'फिजिकल कॅज्युअल्टी' ठरते. २०२२ मध्ये लष्कराच्या मुख्यालयानेही इंग्रजीतील 'मार्टर' हा शब्द टाळण्याच्या सूचना दिल्या.

घरच्यांसाठी हा केवळ शब्दांचा खेळ नाही. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने मृत्यूच्या कारणांची 'ए' ते 'ई' अशी पाच गटांत विभागणी केली. लष्करी सेवेशी संबंध नसलेला मृत्यू 'ए' गटात मोडतो. सेवेमुळे जडलेला वा बळावलेला आजार 'बी' गटात आणि कर्तव्य बजावताना झालेला अपघात 'सी' गटात येतो. दहशतवादी हल्ले, युद्ध, सीमेवरील चकमकी, सुरुंग यांमुळे आलेला मृत्यू 'डी' आणि 'ई' गटांत धरला जातो.

'डी' आणि 'ई' गटांत कुटुंबाला उदार कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे जवानाच्या अखेरच्या वेतनाइतकी रक्कम. 'बी' आणि 'सी' गटांत विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे वेतनाच्या ६० टक्के. 'ए' गटात मात्र साधे कुटुंब निवृत्तिवेतन. ते सुरुवातीची दहा वर्षे ५० टक्के असते आणि नंतर ३० टक्क्यांवर येते. एकाच पलटणीतील, एकाच हुद्द्याच्या दोन जवानांच्या घरी येणाऱ्या रकमेत तिपटीहून अधिक अंतर पडते ते असे.

रजेवर आलेला जवान गावातील रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात दगावला, तर गाव त्यालाही तितक्याच इतमामाने निरोप देते. फलकावर 'शहीद' असेच लिहिले जाते. त्याच्या घरच्यांना काही महिन्यांनी येणारे पत्र मात्र मृत्यूचा सेवेशी संबंध नसल्याचे सांगते. रजेवर जाताना वा रजेहून परतताना वाटेत झालेला अपघात ठरावीक अटींवर सेवेशी निगडित मानला जातो, रजेच्या काळातला सहसा नाही. हा फरक चौकशी समितीच्या अहवालावर ठरतो. म्हणून प्रथम माहिती अहवाल, शवविच्छेदन अहवाल, रजेचा दाखला आणि प्रवासाचे तिकीट या कागदांना नंतर सोन्याचे मोल येते. शोकाच्या दिवसांत नेमके हेच कागद हरवतात.

दावा फेटाळला गेल्यास साधारणतः सहा महिन्यांच्या आत अपील करावे लागते. त्यानंतर दुसरे अपील आणि अखेरीस २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे महाराष्ट्रातील पीठ मुंबईत आहे. मुखेड किंवा निलंगा तालुक्यातील वीरमातेला तेथे फेऱ्या घालणे किती परवडेल, याचा विचार नियम करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. पहिली पायरी तरी घराजवळ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय नांदेडलाही आहे आणि लातूरलाही. पत्रव्यवहार ज्याच्याशी करायचा ते रेकॉर्ड ऑफिस मात्र पलटणीनुसार बदलते. मराठा लाईट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तर तोफखान्याचे नाशिक रोडला.

२०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांसाठी तर वेगळेच गणित आहे. त्यांना ४८ लाख रुपयांचे विमा संरक्षण आहे आणि मृत्यू सेवेशी निगडित असल्यास ४४ लाखांचे सानुग्रह अनुदानही आहे, पण कुटुंब निवृत्तिवेतन नाही. बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई येथील अग्निवीर अक्षय गवते यांचा ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू झाला, तेव्हा हा प्रश्न देशभर चर्चेत आला.

एक जिल्हा, दोन भिंती

लोहा तालुक्यातील जानापुरीचे लान्स नाईक संभाजी कदम २९ नोव्हेंबर २०१६ रोजी जम्मूजवळील नगरोटा येथे दहशतवाद्यांशी लढताना कामी आले. मुखेड तालुक्यातील बामणीचे सुधाकर शिंदे हे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे असिस्टंट कमांडंट. २० ऑगस्ट २०२१ रोजी छत्तीसगडमधील नारायणपूर जिल्ह्यात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात त्यांना वीरमरण आले. दोघेही नांदेड जिल्ह्याचे, गावाच्या लेखी दोघेही शहीद. सरकारच्या लेखी मात्र एक संरक्षण मंत्रालयाचा, दुसरा गृह मंत्रालयाचा.

त्यामुळे स्मरणाच्या जागाही दोन. दिल्लीत इंडिया गेटजवळील राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथील त्याग चक्राच्या भिंतींत ग्रॅनाइटच्या विटांवर, स्वातंत्र्यानंतर युद्धांत आणि मोहिमांत कामी आलेल्या सुमारे २६ हजार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. निमलष्करी दलांतील जवानांसाठी चाणक्यपुरीतील राष्ट्रीय पोलीस स्मारक २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. तेथील शौर्य भिंतीवर ३४ हजारांहून अधिक नावे आहेत. १९५९ मध्ये याच तारखेला लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले, म्हणून २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन.

आजाराने वा अपघाताने सेवेत गेलेल्या जवानांना यांपैकी कोणत्याही भिंतीवर सहसा जागा नाही. स्वतःच्या हाताने जीवन संपवणाऱ्या जवानाला तर १९६७ च्या आदेशानुसार लष्करी मानवंदनाही नाही. त्याच्या घरच्यांनी काय करावे, याचे उत्तर आदेशात नाही.

पंचांगातली तिथी

घराने मात्र अशी वर्गवारी कधी केली नाही. भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असे लिहिलेले असते. शस्त्राने, युद्धात किंवा अपघाताने गेलेल्यांचे श्राद्ध त्या दिवशी करायचे, मृत्यूची मूळ तिथी कोणतीही असो. लढाईतला आणि अपघातातला मृत्यू शास्त्राने एकाच तिथीला बसवला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, मुस्लिम घरांत फातेहा पढला जातो, नांदेडच्या शीख कुटुंबांत गुरुद्वाऱ्यात अरदास होते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबरला सरकारी सत्काराचे निमंत्रण येते. शाल, श्रीफळ आणि छायाचित्र झाले की वीरपत्नी एसटीने गावी परतते.

वीरपत्नीच्या वाट्याला आलेला एक नियम तर विलक्षणच होता. शौर्यपदकाचा मासिक भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहायचा तो तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तरच. ही अट संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली. तोवर किती जणींनी केवळ त्यापायी आयुष्याचा निर्णय घेतला असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

ज्यांच्या घरातील जवानाचे नाव युद्ध स्मारकावर आहे, त्यांना ते संकेतस्थळावरही शोधता येते. १९६५ वा १९७१ मधील जवानाचे नाव सापडत नसेल, तर सेवा क्रमांक आणि पलटणीचे नाव घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि तेथून रेकॉर्ड ऑफिसकडे विचारणा करावी. घरात जपून ठेवलेली जुनी तार येथे पुरावा म्हणून उपयोगी पडते. स्मारकावर दररोज सायंकाळी एका जवानाच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र अर्पण केले जाते. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्लीला जाते. त्याग चक्रात पोहोचलेल्या कुटुंबाला स्मारकावरील कर्मचारी वीट दाखवतात. विटेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एवढेच असते. गावाचे नाव नसते.