मुक्कामी कॅराव्हॅन बंद करून जाताना

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून हे चाकांवरचे घर आपल्याकडेही परिचित होऊ लागले आहे. ते मुक्कामस्थळी ठेवून गड-लेणी पाहावयास निघताना प्रवासी कुलूप आठवणीने लावतो. सिलिंडरची झडप मात्र उघडीच राहते. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तो फरशीलगत साचतो आणि परतल्यावर दिव्याचे बटण दाबताच ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून झडप प्रथम बंद करावी. फरशीजवळचे झरोके चोराच्या भीतीने बुजवू नयेत. केवळ हातब्रेकवर न विसंबता चाकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. बाहेर ताणलेले कापडी छत वाऱ्याने फाटते, ते गुंडाळावे. किल्ली सोबत न्यावी. पायरीखाली ठेवण्याची आपली घरगुती सवय येथे उपयोगाची नाही.