मैंदर्गी : गाव सोडल्यावर मिळणारे आडनाव

‘मैंदर्गी’ हे विरळ आडनाव शोधायला मी अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीतच गेलो, हीच माझी पहिली चूक. गावात सगळेच मैंदर्गीचे. तिथे या नावाने कोणाला वेगळे ओळखणार? गावाचे नाव माणसाला चिकटते ते परगावी. म्हणून हे आडनाव शोधावे सोलापूर-सांगलीकडे.

मराठीत अशा नावाला सहसा ‘कर’ लागतो. कानडीत गावाचे नाव जसेच्या तसे आडनाव होते. धारवाडजवळच्या मनसूरचे मल्लिकार्जुन मनसूर आठवावेत. १९५६ साली विजापूर म्हैसूर राज्यात गेले, सोलापूर मुंबई राज्यात राहिले. ‘कर’ नसलेले मैंदर्गी आडनाव मात्र त्या सीमेआधीची कानडी रीत आजही महाराष्ट्रात जपून आहे. त्यावरून जात ठरत नाही. पूर्वजांनी सोडलेले गाव तेवढे कळते.