कॉलेजात गेलेले लेकरू आणि आईबापांची जबाबदारी

मे-जूनचे दिवस आले की वस्तीवस्तीत पेढे वाटले जातात. कोणाची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली असते, कोणाच्या मुलाचा इंजिनीअरिंगला नाहीतर नर्सिंगला नंबर लागलेला असतो. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, गुलाबाचे फूल आणि बाबासाहेबांचे एखादे पुस्तक हातात दिले जाते, फोटो निघतात. हे व्हायलाच हवे. ज्यांच्या आजा-पणज्यांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवले गेले, त्यांनी आपल्या लेकराच्या यशाचा आनंद करायचा नाही तर कोणी करायचा?

परंतु दोन-तीन वर्षांनी त्याच सत्कारमूर्तींची चौकशी केली, तर पुष्कळदा निराळीच उत्तरे कानावर येतात. "विषय राहिले, मग सोडलंच त्याने." "चांगलं स्थळ आलं, तिचं उरकून टाकलं." "पदवी झाली, पण घरीच असतो." सत्कार करणाऱ्यांपर्यंत हे पोहोचत नाही आणि आईबाप लाजेने बोलत नाहीत.

कॉलेजचा प्रवेश आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे यांच्यामध्ये पाच-सात वर्षांचे अंतर असते. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या पदवीधर आहेत, तिथे हा रस्ता दाखवायला काका असतो, मामा असतो. आपल्याकडे बाप कंत्राटावर झाडूकाम करतो, आई चार घरची धुणीभांडी करते. त्यांना वाटते, आपण अडाणी, आपण यात काय करणार? पालकहो, हा समज आधी मनातून काढून टाका. या पाच-सात वर्षांत आईबापांनी जे करायचे असते, त्यातल्या बहुतेक कामांना पदवी लागत नाही.

तथागतांनी सांगितलेली पाच कर्तव्ये

राजगृहात सिगाल नावाचा एक तरुण रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असे. भगवान बुद्धांनी त्याला सांगितले की खऱ्या दिशा म्हणजे आपल्या भोवतीची माणसे. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. दीघनिकायातल्या या सुत्तात मुलांची आईवडिलांविषयीची कर्तव्ये आहेत, तशीच आईवडिलांची मुलांविषयीची पाच कर्तव्येही आहेत. मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्या मार्गाला लावावे, कामधंद्याचे शिक्षण द्यावे, योग्य जोडीदार पाहून द्यावा आणि योग्य वेळी वारसा त्यांच्या स्वाधीन करावा.

पहिली चार आपण मनापासून करतो. पाचव्यात अडखळतो. आपल्याजवळ शेतवाडी नाही, बंगला नाही, मग वारसा कसला द्यायचा? आपल्या घरातला वारसा म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क. तो एका दिवसात देता येत नाही. मुलगा बावीस वर्षांचा होईपर्यंत त्याचा प्रत्येक अर्ज बापाने भरायचा आणि तेविसाव्या वर्षी "आता तुझं तू बघ" म्हणायचे, हे स्वाधीन करणे नव्हे. वारसा थोडा थोडा, वर्षावर्षाला द्यावा लागतो.

कागदपत्रांची पत्र्याची पेटी

सुरुवात कागदपत्रांपासून करू. हुशारी असूनही केवळ एका दाखल्यावाचून जागा गेलेली मुले प्रत्येक वस्तीत सापडतील. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँकेचे खाते, हा संच बारावीच्या निकालाआधी तयार हवा. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवासाचा व जातीचा पुरावा मागतात. म्हणून आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना उतारा, जन्ममृत्यूची नोंद असे कागद गावाकडून वेळीच आणून ठेवावेत. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्यामुळे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा.

बौद्ध बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात नवबौद्धांना सवलती पूर्वीपासून होत्या, पण केंद्राच्या पातळीवर बौद्धांचा अनुसूचित जातींच्या सवलतींत समावेश झाला तो १९९० मध्ये. केंद्र सरकारच्या संस्था व नोकऱ्यांसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो. राज्याचा आणि केंद्राचा, दोन्ही नमुन्यांतले दाखले काढून ठेवलेले बरे.

शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीवर भरावा लागतो आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झाले, असे समजून अनेकजण फसतात. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात राहण्या-जेवण्यासाठी मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते; गुणांची व उत्पन्नाची अट पाहून घ्यावी.

हे सगळे कागद घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि पेटीची किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. पहिल्या वर्षी तहसील कचेरीत सोबत जा. दुसऱ्या वर्षी अर्ज त्यांनाच भरू द्या, तुम्ही फक्त तारीख विचारा. तिसऱ्या वर्षी शेजारच्या मुलाचा अर्ज भरून द्यायला सांगा. जो दुसऱ्याला वाट दाखवू लागतो, तो स्वतः सहसा चुकत नाही.

पैशाचे बोलणे चोरून ठेवू नका

सुभेदार रामजी भीमरावांच्या पुस्तकांसाठी आपल्या लेकींकडून दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. ही हकीकत आपण सांगतो तेव्हा डोळ्यांत पाणी येते. पण तिच्यातला हिशेबही पाहायला हवा. कर्ज कशासाठी काढले हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते, आणि ते फेडलेही जात होते.

आपल्याकडे मुलांपासून कर्ज लपवले जाते. बाप म्हणतो, "तुला काय करायचंय? तू शीक." मग मुलाला पैशाची किंमत कळत नाही, आणि कळते ती एकदम, सावकार दारात उभा राहिल्यावर. त्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी बसावे. पगार किती आला, भाडे किती, रेशन किती, फी किती, हे वहीत मांडावे. शिष्यवृत्तीची रक्कम मुलाच्या खात्यावर येते. तिच्यात कधी कॉलेजची फीही असते. ती घरखर्चात गेली की परीक्षेच्या तोंडावर अडचण उभी राहते. त्या पैशाला हात लावायचा नाही, असा घरातला नियम असावा.

शिकता शिकता काम करण्यात कमीपणा नाही. 'कमवा व शिका' योजना अनेक विद्यापीठांत आहे. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. मात्र काम किती तासांचे, हे आईबापांनी पाहावे. रात्री उशिरापर्यंत पार्सल पोहोचवणारा मुलगा सकाळच्या प्रॅक्टिकलला जागा राहील कसा?

विषय राहिले म्हणजे आयुष्य संपले नाही

मराठी शाळेतून आलेले मूल पहिल्या वर्षाला इंग्रजी पुस्तकांपुढे गांगरते. एखाद-दोन विषय राहतात. इथेच खरी कसोटी असते, मुलाची कमी आणि घरची जास्त. "तुझ्यासाठी आम्ही हाडाची काडं केली" हे वाक्य अशा वेळी आईच्या तोंडून सहज निघते. ते खरे असते, म्हणूनच फार लागते.

बाबासाहेबांचे शिक्षण अखंड झाले, असे आपल्याला वाटते. तसे नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सामान घेऊन येणारी बोट युद्धात बुडाली, पुस्तके गेली. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. झाले, बॅरिस्टरही झाले. खंड पडला, पण परतीची वाट त्यांनी मोकळी ठेवली होती.

आपल्या मुलांनाही हेच सांगावे. शिक्षण थांबवावेच लागले तर नाव काढण्याआधी पुन्हा प्रवेशाचा नियम विचारून घे, गुणपत्रिका जपून ठेव. नोकरी करता करता पदवी पुरी करायला नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

मार्कांच्या पलीकडची विचारपूस

आडनाव ऐकून, प्रवेशाचा क्रमांक विचारून, "कोट्यातला का?" असे हसून मुलांना हिणवले जाते. हे घरी सांगितले तर आईबाप घाबरतील, परत बोलावतील, म्हणून मुले गप्प राहतात. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आपल्यातून गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ती आदिवासी कुटुंबातली, डॉक्टर झालेली लेक. हे दुःख आपण मोर्चात व्यक्त केले. ते घरातही आठवायला हवे.

फोनवर "पेपर कसा गेला?" याच्या आधी "जेवलास का? मित्र कोण झाले? कोणी काही बोललं का?" हे विचारा. ऐकून घेताना लगेच "सहन कर" म्हणू नका. अपमान सहन करणे हा अभ्यासक्रमाचा भाग नाही. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवायला सांगा. कॉलेजच्या तक्रार समितीकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. मूल एकदम अबोल झाले, जेवेनासे झाले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागले, तर ते नाटक समजू नका. त्याच्याजवळ जा. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मराठीतून बोलता येते.

लेकीचा हिशेब वेगळा का?

मुलाची बॅकलॉग वर्षे आपण पोसतो आणि मुलगी पहिल्या वर्गात पास होत असताना तिच्यासाठी स्थळे पाहतो. तिच्या लग्नासाठी साठवलेला पैसा तिच्या फीसाठी मात्र निघत नाही. माता रमाईंनी हलाखी सोसून बाबासाहेबांचे शिक्षण पार पाडू दिले. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजात लेकींनी पुन्हा फक्त सोसतच राहावे काय? निदान पदवी आणि पहिल्या नोकरीचे एक वर्ष पुरे होईपर्यंत लग्नाचा विषय घरात काढू नये. स्वतःच्या कमाईची सवय झालेली मुलगी सासरी मिंधी राहत नाही.

आणि जोडीदाराच्या बाबतीत तथागतांनी 'योग्य' हा शब्द वापरला, पोटजात विचारलेली नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि बैठकीत पोटजातीची चौकशी, हे बंद व्हायला हवे.

पहिला पगार

पहिला पगार आला की घर त्याच्याभोवती गोळा होते. कर्ज आहे, धाकट्याची फी आहे, गळके छप्पर आहे. सगळे खरे आहे. पण सगळा पगार काढून घेतला तर मुलगा नोकरी करणारा मजूर होतो, स्वतंत्र माणूस होत नाही. सिगालाला सांगितलेली वाटणी इथे कामाची आहे: मिळकतीचे चार भाग करावेत, एकावर जगावे, दोन कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडचणीसाठी राखावा. घराला किती द्यायचे ते सर्वांनी बसून ठरवावे, आणि उरलेल्याचा हिशेब मागू नये.

"स्वतंत्र झाला की आम्हांला आणि वस्तीला विसरेल" ही भीती अनेकांच्या मनात असते. ती उगीच नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांबद्दलची वेदना बाबासाहेबांनीच बोलून दाखवली होती. पण दोरी आखडून माणूस बांधला जात नाही. ज्याने कॉलेजात असतानाच विहारात बसून धाकट्यांचे अर्ज भरले, त्याला वस्ती विसरायला सांगितले तरी तो विसरत नाही.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्दही त्यांनीच टाकला. सत्कार करून ते थांबले नाहीत. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार कॉलेजच्या मुलांसाठी राखून ठेवता येईल. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला तर दोन-चार मुलांच्या परीक्षा फीची सोय होईल. यंदा ज्यांना फूल दिले, त्यांची नावे एका वहीत लिहा आणि पुढच्या जयंतीला ती वही उघडा. कोण कुठल्या वर्षाला आहे, कोणाचे काय अडले आहे, ते विचारा. ज्याचे नाव गळाले असेल, त्याच्या घरी दोघांनी जाऊन यावे.

जय भीम!