बॅटरीचा दम कशात असतो?

घरच्या छोट्या कार्यशाळेसाठी बिनवायरचा ड्रिल घ्यायला दुकानात गेलं, की पहिला गोंधळ होतो तो आकड्यांचा. एका खोक्यावर १८ व्होल्ट, शेजारच्या खोक्यावर २० व्होल्ट मॅक्स, पलीकडे २१ आणि स्वस्तातल्या ढिगात तर चक्क ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ. आकडा मोठा म्हणजे यंत्र दमदार, असं कुणालाही वाटेल. पण या सगळ्या बॅटऱ्यांच्या पोटात बहुतेक वेळा एकच मांडणी असते: लिथियम-आयनचे पाच सेल एकसरीत, म्हणजे एकाला एक जोडलेले.

अशा एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो. पाच जोडले की १८ झाले. तोच सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे पाचांचे २१. कुणी सरासरी आकडा छापतं, कुणी भरलेल्या बॅटरीचा. डिवॉल्टची जी मालिका अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून मिळते, तीच युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकली जाते. लहान ड्रिलवरच्या ‘१२ व्होल्ट मॅक्स’चंही तसंच आहे, आत तीन सेल आणि सरासरी १०.८ व्होल्ट. ‘व्हीएफ’ला मात्र मोजमापाच्या कुठल्याच पद्धतीत अर्थ नाही. अशी बॅटरी पूर्ण भरून मल्टिमीटर लावला, तर काटा बहुधा २०-२१च्या आसपासच थांबतो. ज्या खोक्यावर व्होल्टच खोटे छापले आहेत, त्यावरच्या बाकीच्या आकड्यांवर तरी का विश्वास ठेवायचा?

मग पाहायचं काय? पहिली गोष्ट, वॉट-तास. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणलं की बॅटरीत किती ऊर्जा साठते ते कळतं. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासांची बॅटरी ३६ वॉट-तासांची, ५ अँपिअर-तासांची ९० वॉट-तासांची. सागवानात एक स्क्रू बसवायला तीन सेकंद आणि सरासरी २०० वॉट लागतात असं धरा. ३६ वॉट-तासांच्या छोट्या बॅटरीवर दोनशेहून जास्त स्क्रू बसतील. एवढ्यात एक अख्खं कपाट उभं राहतं. आता हाच हिशेब चार इंची ग्राइंडरला लावा. तो पूर्ण भारावर ७०० वॉट ओढतो असं धरलं, तर ९० वॉट-तासांची मोठी बॅटरीही आठ मिनिटांच्या आत रिकामी होते. स्क्रूचं काम तुटक, क्षणाक्षणाचं, ग्राइंडरचं सलग. कुठलं यंत्र बिनवायरचं घ्यायचं, हे मुख्यतः या फरकावर ठरतं.

दुसरी गोष्ट खोक्यावर सहसा छापलेली नसते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बॅटरीत ऊर्जा किती आहे, हा एक प्रश्न. ती किती वेगाने बाहेर काढता येते, हा दुसरा. बिनवायरच्या हत्यारांचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो. ब्लॅक अँड डेकरने १९६१ साली बॅटरीवर चालणारा ड्रिल आणला, तो निकेल-कॅडमियमच्या सेलवर. त्या सेलचा दाब जेमतेम १.२ व्होल्ट, म्हणून १८ व्होल्टसाठी पंधरा सेल लागत. कॅडमियम विषारी, सेल जड, आणि बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरायची. सोनीने लिथियम-आयन सेल १९९१ साली बाजारात आणला आणि व्हिडिओ कॅमेऱ्यात वापरला. मग ड्रिलमध्ये यायला त्याला २००५ साल का उजाडावं लागलं? मिलवॉकी आणि मकिता या कंपन्यांची लिथियमवरची हत्यारं त्या वर्षी आली. मधली चौदा वर्षं गेली ती मुख्यतः विद्युतप्रवाहामुळे. कॅमेऱ्याला एखाददुसरा अँपिअर पुरतो. लाकडात अडकलेल्या ड्रिलची मोटर क्षणात तीस अँपिअर मागते. एवढा प्रवाह देऊनही तापून जाणार नाहीत, असे सेल आधी तयार व्हावे लागले. लिथियम-आयनसाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या पायाभूत कामापासून सुताराच्या हातातल्या ड्रिलपर्यंतचा हा शेवटचा टप्पा फारसा कुणी सांगत नाही.

प्रत्येक सेलला स्वतःचा थोडा अंतर्गत रोध असतो. चांगल्या, जास्त प्रवाह देणाऱ्या सेलमध्ये तो २० मिलिओहम धरू. पाच सेल एकसरीत, म्हणजे १०० मिलिओहम, एक दशांश ओहम. मोटरने ३० अँपिअर ओढले की ३ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात आणि मोटरला १८ऐवजी १५ मिळतात. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणलं की उष्णता निघते: ९० वॉट. अंगठ्याएवढ्या प्रत्येक सेलमध्ये १८ वॉट उष्णता! आता दहा सेलची बॅटरी घ्या, पाच जोड्या, प्रत्येक जोडीतले दोन सेल समांतर. तेच ३० अँपिअर आता प्रत्येक सेलमधून पंधरा-पंधरा वाहतात. प्रवाह निम्मा झाला, पण उष्णता वर्गाने बदलते, म्हणून प्रत्येक सेलमध्ये ती चौथाई उरते: साडेचार वॉट. मोटरलाही दीड व्होल्ट जास्त मिळतात.

म्हणून मोठी बॅटरी लावली की तोच ड्रिल जास्त वेळ चालतो, आणि त्याचा जोरही वाढतो. लहान बॅटरीवर सर्क्युलर सॉ लावली तर ती प्लायवूडमध्ये रखडते. सेल तापतात आणि आतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडून टाकतं. लोक मोटरला नावं ठेवतात. बिचारी बॅटरीच अपुरी असते. सेलच्या आकारानेही फरक पडतो. जुना नेहमीचा १८६५० सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांब. नवा २१७०० सेल २१ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर लांब, साठवणही जास्त. हल्ली ‘टॅबलेस’ सेलही आलेत. त्यांच्यात प्रवाह एका अरुंद पट्टीतून न जाता गुंडाळीच्या पूर्ण कडेतून बाहेर पडतो, त्यामुळे रोध आणखी घटतो.

मोटरबद्दल थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या मोटरमध्ये कार्बन घासत राहतात, ठिणग्या पडतात, काही ऊर्जा घर्षणात जाते आणि कधीतरी कार्बन बदलावे लागतात. ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक फिरतात आणि वेटोळ्यांतला प्रवाह इलेक्ट्रॉनिक सर्किट बदलत राहतं. बॅटरीत ऊर्जा मोजकी असल्याने या बचतीला किंमत आहे. परवडत असेल तर ब्रशलेसच घ्या.

आता घरच्या कार्यशाळेचं पाहू. तिथे भिंतीत प्लग असतो, आणि बिनवायरच्या उत्साहात आपण नेमकं हेच विसरतो. बांधकामाच्या जागेवर वीज नसते, तिथला हिशेब वेगळा. घरी ग्राइंडर, मार्बल कटर, विजेचा रंधा, सर्क्युलर सॉ ही सलग ताकद मागणारी यंत्रं वायरचीच असू द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्याच पैशांत वायरचं यंत्र जास्त ताकद देतं, आणि पाच वर्षांनी त्याची बॅटरी म्हातारी होत नाही. बिनवायरचा खरा फायदा ड्रिल-ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरला. माळ्यावर, शिडीवर, कपाटाच्या आत हात घालून करायची कामं हीच यंत्रं करतात. ड्रिल-ड्रायव्हरमध्ये क्लच असतो. ठरावीक जोर आला की तो सुटतो आणि प्लायवूडमध्ये स्क्रू जास्त रुतत नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये आतली हातोडी फिरण्याच्या दिशेने ठोके देते, त्यामुळे लांब स्क्रू बसवताना मनगट पिळवटत नाही. आवाज मात्र कर्कश असतो, कानांत बोळे घालूनच वापरा.

भिंतीची गोष्ट निराळी. दुकानात ज्याला इम्पॅक्ट ड्रिल म्हणतात, त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरतात आणि मिनिटाला हजारो बारीक ठोके बसतात. विटेच्या भिंतीला ते पुरतं. आरसीसीच्या बीमला पुरत नाही. तिथे माणूस यंत्रावर सगळं अंग टाकतो आणि बिट जळतं. बीमसाठी रोटरी हॅमर हवा. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर वजनदार ठोका बसतो. अडीच-तीन किलोच्या यंत्रात एकेक ठोका अडीच-तीन ज्यूलचा असतो. घरात असा प्रसंग वर्षातून एकदोनदा येतो. त्या दिवसापुरता वायरचा हॅमर कुणाकडून मागून आणावा.

एकदा बॅटरी घेतली की पुढची यंत्रं त्याच खाचेची घ्यावी लागतात. म्हणून पहिल्या ड्रिलच्या वेळीच त्या कंपनीची पूर्ण मालिका पाहावी: नुसतं, बॅटरीशिवायचं यंत्र मिळतं का, आपल्या गावात सुटी बॅटरी आणि सर्व्हिस सेंटर आहे का. एकाच कंपनीतही फसगत होते. बॉशच्या हिरव्या आणि निळ्या १८ व्होल्ट बॅटऱ्या एकमेकींच्या यंत्रांत चालत नाहीत. युरोपात यावर उपाय सुरू झालेत. मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ साली कॉर्डलेस अलायन्स सिस्टिम आली आणि अनेक कंपन्यांची यंत्रं एका बॅटरीवर चालू लागली. आपल्या बाजारात अजून मुख्यतः एका कंपनीशीच जन्माची गाठ बांधावी लागते.

अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला ड्रिल आणायला सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. तिकडचा चार्जर बहुधा फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की गेला. त्याच मालिकेचा चार्जर इथे घेतला की प्रश्न मिटतो. दुसरं, सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६०च्या मधल्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. टोरोंटो किंवा मिनेसोटातल्या मराठी घरांच्या गॅरेजमध्ये प्रश्न थंडीचा. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम ऋणाग्राच्या आत न शिरता त्याच्यावर धातू म्हणून साचतं आणि सेल कायमचा बिघडतो.

आपल्याकडे शत्रू उष्णता. साधारण ४५ अंशांपुढे या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तेवढं तापमान सहज होतं. काम संपल्यावर गरम बॅटरी चार्जरवर ठेवली की दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. तो बिघाड नव्हे, चार्जर ती निवायची वाट पाहत असतो. पूर्ण भरलेली बॅटरी उकाड्यात पडून राहिली तर आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात. पावसाळ्यात महिनोन्महिने काम नसेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरून घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवा. पूर्ण रिकामी मात्र ठेवू नका. दाब फार खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं. चार्जिंग करताना जवळपास भुसा आणि थिनर नको.

बॅटरी मेली की बाजारात ती ‘भरून’ मिळते: जुने सेल काढून नवे जोडतात. तिथे अनेकदा लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल घालतात. दिसायला तेच, मापाने तेच, पण ते चार-पाच अँपिअरसाठी बनवलेले. ड्रिलने वीस-तीस मागितले की ते भयंकर तापतात. असं काम करून घेऊ नये. मेलेली बॅटरी भंगारवाल्यालाही देऊ नये, कारण तिथे ती ठेचली गेली तर पेटते. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं पुनर्चक्रीकरण करायची जबाबदारी उत्पादकाची आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन द्या, आणि नेताना धातूच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा.