वलंदेज म्हणजे कोण?

पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातले वरवंड गाव आहे. तिथे एखाद्या म्हाताऱ्याने 'काय पाव्हणं, वळखलं न्हाई का?' असे विचारले, तर त्याच्या भाषेला हसू नका. त्या 'वळखलं'मधल्या 'व'मध्ये एका जुन्या कोड्याचे उत्तर आहे.

कोडे असे. जुन्या मराठी कागदपत्रांत डच लोकांना 'वलंदेज' म्हटले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही टोपीकरांमध्ये त्यांची गणना आहे. पण हे लोक स्वतःला म्हणतात 'नेदरलांडर', म्हणजे सखल प्रदेशातले. मग वलंदेज आले कुठून?

ते आले पोर्तुगिजांच्या तोंडून. पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. डचांची व्यापारी कंपनीच मुळी १६०२ ची, आणि वेंगुर्ल्याची वखार १६३७ ची. तेव्हा नव्या पाहुण्याचे नाव आपल्याला जुन्या पाहुण्याने सांगितले, यात नवल ते काय?

हॉलंड हा त्या देशाचा एक भाग. नावाचे मूळ रूप 'होल्टलांट', म्हणजे झाडीचा मुलूख. पोर्तुगीज या नावातला 'ह' लिहितात, पण उच्चारीत नाहीत. त्यामुळे तिथल्या माणसाला ते म्हणत 'ओलांदेस'. आता ओळखची वळख, ओट्याचा वटा, ओझ्याचे वझे करणारी आपली जीभ! तिने ओलांदेसचा वलंदेज केला. शेवटच्या 'स'चा 'ज' झाला, तो 'इंग्लेस'चा इंग्रज झाला तसाच.

'डच' हे नाव आपल्याकडे मागाहून इंग्रजीतून आले. जर्मनांचा 'डॉइच' हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांच्या मुळाशी अर्थ आहे 'लोकांचे'. विद्वानांची भाषा लॅटिन. तिच्याहून वेगळी, चारचौघे बोलतात ती ही भाषा.

मी शिक्षक आहे. 'वळख' लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत मीही पुष्कळ वर्षे लाल रेघ ओढली. प्रमाण रूप त्याला शिकवलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण रेघ ओढताना 'अडाणी' म्हणण्याचे कारण काय? जिभेचे जे वळण त्याच्या घरात आहे, तेच अमात्यांच्या कागदात आहे. तिथे आपण त्याला इतिहास म्हणतो. वहीत मात्र चूक म्हणतो. मुलाला दोन्ही सांगा. मग तो 'ओळख' लिहील, आणि घरच्या 'वळख'ची त्याला लाजही वाटणार नाही.