आपलं माणूस गेल्यावर धावायचं कशासाठी?



भेस्तान-उधन्याकडून मुंबईची गाडी धरणारे सगळेच काही कामधंद्याला जात नाहीत. हातात फाइलची पिशवी, तोंडाला रुमाल, सोबत घरातलं एक माणूस. अशी जोडी दिसली की डब्यात कुणी फार विचारत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलची ही वाट आपल्या बऱ्याच घरांना माहीत आहे. काही जण बरे होऊन येतात, काहींच्या घरचेच तेवढे परत येतात.

याच वाटेवर भेस्तान सोडलं की थोड्या वेळात नवसारी लागतं. जमशेटजी टाटांचं हे जन्मगाव. त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी खेळाचे भारी शौकीन. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर त्यांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू जावेत म्हणून पदरचा पैसा घातला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले.

पुढे १९३१ मध्ये दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पैसा होता, पण त्या आजारावर औषधच नव्हतं. मग १९३२ मध्ये दोराबजींनी बायकोच्या नावाने ट्रस्ट काढला, तो या आजारावरच्या संशोधनासाठी. त्याच वर्षी तेही गेले. टाटांच्या ट्रस्टने उभारलेलं परळचं हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं.

ते झाले टाटा. आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्यांनी काय करायचं?

याचं उत्तर कॅनडातल्या एका पोराने दिलं. टेरी फॉक्स त्याचं नाव. १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरने त्याचा उजवा पाय गेला. वॉर्डात आजूबाजूची माणसं, लहान लेकरं डोळ्यांदेखत जाताना त्याने पाहिली. १२ एप्रिल १९८० रोजी त्याने नकली पाय अटलांटिक समुद्रात बुडवला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्राकडे धावायला लागला. मागणं एकच : संशोधनासाठी माणशी एक डॉलर. वाटेत पोर्ट ओ बास्क हे बंदराचं गाव लागलं. वस्ती साधारण दहा हजारांची. त्या गावाने दहा हजार डॉलरच्या वर रक्कम त्याच्या हातात ठेवली!

१४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर पळाल्यावर कॅन्सर फुफ्फुसात पोचल्याचं कळलं. दुसरा समुद्र त्याला गाठता आला नाही. १९८१ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी तो गेला. पण लोकांनी त्याच्या नावाने धावणं सोडलं नाही. या दौडीत नंबर नसतो, बक्षीस नसतं. चालत आलात तरी चालतं. मुंबईतही ही दौड झाली आणि तिचा पैसा टाटा हॉस्पिटलातल्या संशोधनाला गेला.

आता कुणी म्हणेल, संशोधनाने आपल्याला काय मिळतं? याच हॉस्पिटलातली एक गोष्ट सांगतो. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला सापडला, तर मानेतल्या ग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की नंतर लागल्या तर काढाव्यात, यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. इथल्या डॉक्टरांनी ५०० रुग्णांचा हिशेब मांडला. २०१५ मध्ये निकाल आला. ग्रंथी आधीच काढलेल्या दर शंभरातले ८० जण तीन वर्षांनी जिवंत होते, थांबलेल्यांतले साधारण ६७. शंभरामागे बारा-तेरा माणसं वाचली! नवं औषध नाही की महागडं मशीन नाही, फक्त कधी काय करायचं हे कळलं.

जाळं टाकून बसलं की बोटीवर तंबाखूची पुडी फिरते. तोंडाचा कॅन्सर कुणाच्या दारात येतो, हे तांडेलाला आणि खलाशाला वेगळं सांगायला नको. पुडी सोडणं हे पहिलं काम, आणि ते फुकटात होतं.

दुसरं काम असं. घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धाला आपण हात आखडत नाही. त्यातलाच थोडा पैसा माणसाच्या नावाने संशोधनाला द्यावा. बंदीत बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा एका सकाळी सगळ्यांनी मिळून चालावं, पळावं. आज्जीपासून नातवापर्यंत.

गेलेलं माणूस याने परत येत नाही. पण उद्या फाइल घेऊन त्या गाडीत बसणारा कदाचित आपल्या पायांनी घरी येईल.

तुमच्या घरातलं कोण गेलं, कुणासाठी चालाल, खाली नक्की लिहा.