वीज गेल्यावर रेड सगळी डिस्क का तपासतं? आणि ते कसं टाळायचं?

आज संशोधनातून थोडा ब्रेक, आणि संशोधनाचा डेटा ज्यावर बसलाय त्या डिस्कबद्दल. लॅबच्या सर्व्हरवर लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड-1 असेल, तर प्रत्येक फाइल दोन डिस्कवर लिहिली जाते. आता लिहिता लिहिता वीज गेली. एका डिस्कवर लिहून झालं, दुसरीवर राहिलं. फरक नेमका कुठे आहे, हे रेडला माहीत नसतं. मग ते एक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसरीवर उतरवतं. 4 टीबीची डिस्क, सेकंदाला 150 एमबी वेग धरला, तर जवळपास साडेसात तास!

यावर उपाय म्हणजे राइट-इंटेंट बिटमॅप. दोन वह्यांत एकच हिशोब ठेवताना, ज्या पानावर लिहायचंय त्यावर आधी पेन्सिलची खूण करायची आणि दोन्हीकडे लिहून झालं की सावकाश खोडायची, तसंच हे. डिस्कचे समजा 64 एमबीचे भाग पाडले, तर 4 टीबीचे साधारण 60 हजार भाग होतात. वीज गेली तेव्हा त्यातल्या 100 भागांवर खूण असेल, तर जुळवायचे फक्त 6.4 जीबी. मिनिटभराचं काम.

खरा फायदा दुसरीकडे आहे. केबल सैल होऊन एक डिस्क दहा मिनिटं बाहेर पडली, तर तेवढ्या वेळातल्या खुणा खोडल्या जात नाहीत. डिस्क परत जोडली की तेवढेच भाग उतरतात. बिटमॅप नसेल तर ते सगळे तास तुमच्या डेटाची पूर्ण प्रत एकाच डिस्कवर असते. नेमकी तीच गेली तर?

फुकट मात्र काहीच नाही. आधी खूण, मग लेखन. त्यामुळे छोटी छोटी, विखुरलेली लेखनं हळू होतात. भाग मोठे ठेवले तर खुणा कमी कराव्या लागतात, पण जुळवणी थोडी वाढते. चालू रेडवरही बिटमॅप नंतर जोडता येतो, डेटा हलवावा लागत नाही.

आणि हो, बिटमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. कुठे बघायचं एवढंच तो सांगतो. चुकून डिलीट केलेला थीसिस दोन्ही डिस्कवरून अगदी व्यवस्थित डिलीट होतो!